संततिनियमन आणि न विचारलेली बाई

गेल्या वर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर मागे थांबली. तिचे लग्न ठरले होते. "मॅडम, आम्हाला दोन-तीन वर्षं मूल नकोय. मला बी.एड. करायचंय. मग लग्नाआधीच ठरवायला पाहिजे ना, काय वापरायचं ते?"

मी इतिहास शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नव्हते, आणि माझ्या आईला तर हा प्रश्न विचारण्याची संधीच मिळाली नव्हती. तिसऱ्या बाळंतपणानंतर, चोविसाव्या वर्षी, तिचे 'ऑपरेशन' झाले. तेच तिचे पहिले साधन आणि तेच शेवटचे. सासूने आणि नर्सबाईने मिळून ठरवले. "सही कुठली? अंगठाच घेतला," एवढेच ती सांगते.

त्या मुलीचा प्रश्न नवा वाटतो; पण महाराष्ट्रात तो शंभर वर्षांपूर्वीच मांडला गेला होता. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. हे काम सोडण्याऐवजी 1925 मध्ये त्यांनी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडली. 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. अज्ञानात लग्न करणे हेच अनर्थाचे मूळ, असे ते मानत. 1934 मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, पण ज्ञान मागणे हा गुन्हा नाही, ही बाजू न्यायालयात मांडली गेली.

कर्व्यांच्या कार्याची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. त्यांचे मासिक वाचता येणाऱ्यांपर्यंतच पोचणार होते, आणि आमच्या आज्यांना अक्षर माहीत नव्हते. शिवाय त्या काळच्या संततिनियमनाच्या चळवळीत सुप्रजननाची भाषा होती. कोणाची संतती हवी आणि कोणाची नको, हे ठरवण्याचा अहंकार त्या भाषेत होता.

म्हणूनच 10 नोव्हेंबर 1938 ही तारीख मला महत्त्वाची वाटते. त्या दिवशी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी एक ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. ते स्वतः सभागृहात नव्हते. सरकारने संततिनियमनाचा जनतेत जोरदार प्रचार करावा आणि साधने उपलब्ध करून द्यावीत, एवढीच मागणी होती. त्यात दारिद्र्याचा हिशेब होताच. पण त्याहून मोठी गोष्ट होती. मूल नको असेल तर कारण काहीही असो, गर्भधारणा टाळणे बाईच्या हाती असले पाहिजे आणि निवड पूर्णपणे तिची असली पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ठरावाच्या बाजूने 11 मते पडली, विरोधात 52. पुढे 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी हाच विचार थेट आमच्या बायांपुढे ठेवला: लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, नवऱ्याशी बरोबरीच्या नात्याने वागा.

आता 1976 कडे या. ऐच्छिक प्रचाराचा ठराव ज्या मुंबईत फेटाळला गेला, त्याच मुंबईत महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले! राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. पण 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यात गरीब सर्वांत आधी सापडले. सरकार पडले, 'कुटुंबनियोजना'चे नाव 'कुटुंबकल्याण' झाले, आणि पुरुषांवरचा तो भार मुकाट्याने बायांच्या अंगावर आला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 38 टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती; पुरुष नसबंदीचे प्रमाण 0.3 टक्के. माझी आई या 38 टक्क्यांतली आहे.

1938 चा नकार आणि 1976 ची सक्ती वरवर उलट दिसतात. मला त्या एकाच जातीच्या वाटतात. दोन्ही वेळा बाईला विचारले गेले नाही.

त्या मुलीला घेऊन मी आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टरबाईंनी तिचा रक्तदाब पाहिला, डोकेदुखीचा त्रास आहे का ते विचारले आणि सारे समजावून सांगितले. गर्भ आणि लैंगिक आजार दोन्ही टाळणारे साधन निरोधच. गोळ्या रोज, न चुकता घ्याव्या लागतात. तांबी मूल न झालेल्या स्त्रीलाही बसवता येते. इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे. ते थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात. शस्त्रक्रिया फक्त पुढे मूल नकोच असेल त्यांच्यासाठी. पुढच्या आठवड्यात ती होणाऱ्या नवऱ्याला घेऊन पुन्हा गेली. काय निवडले ते मी विचारले नाही. तो तिचा अधिकार होता.

जयंतीच्या मंडपात आपण बाबासाहेबांच्या घटनेवर बोलतो, धर्मांतरावर बोलतो. त्या 11 मतांवर का बोलत नाही? वस्तीतल्या मुलामुलींना लग्नाआधी हे ज्ञान देणारी एक बैठक दरवर्षी विहारात झाली, तर तो पडलेला ठराव आपण आपल्यापुरता तरी संमत केला असे होईल.