सलग पंधरा : मुंबईच्या रणजी संघाची कहाणी

१/
मद्रासचे चेपॉक मैदान, १९७२-७३ च्या रणजी करंडकाचा अंतिम सामना. खेळपट्टी फिरकीची, तमिळनाडूच्या ताफ्यात वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार. मुंबईचा पहिला डाव अवघ्या १५१ धावांत संपला. चौदा वर्षे मुंबईतून न हललेला करंडक आता हातचा जाणार, अशी चिन्हे होती.

२/
त्या चौदा वर्षांचे मोल समजायला थोडे जगाकडे पाहावे लागते. इंग्लंडच्या सरे संघाने १९५२ पासून सलग ७ वेळा काउंटी अजिंक्यपद मिळवले. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने शेफील्ड शील्ड सलग ९ वेळा जिंकली. आइस हॉकीतील नामांकित मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने स्टॅन्ली चषक सलग ५ वेळा उंचावला. मुंबई १९५८-५९ पासून अजिंक्य होती. एकट्या राजस्थानने या काळात मुंबईकडून ७ अंतिम सामने गमावले.

३/
मोठे खेळाडू होते म्हणून मुंबई जिंकली, हे उत्तर अपुरे आहे. १९७०-७१ च्या हंगामात वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि अशोक मंकड हे पाचही जण भारतीय संघासोबत वेस्ट इंडीजला होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्यांनी महाराष्ट्राला हरवून करंडक राखला. मुंबईचे खरे बळ या दुसऱ्या फळीत होते.

४/
ही फळी घडली ती शहराच्या काही मोजक्या वस्त्यांत. गावसकर ताडदेवच्या चिखलवाडीतले. एकनाथ सोलकर हे हिंदू जिमखान्याच्या माळ्याचे पुत्र. मरीन लाइन्सच्या त्या मैदानावरच त्यांचे घर होते. उत्तरेला दादर-माटुंग्यात तर क्रिकेटच्या दोन पेढ्याच नांदत होत्या.

५/
एक पेढी दादर युनियन, माटुंग्याच्या दडकर मैदानावरची : माधव मंत्री, नरेन ताम्हाणे, वासू परांजपे, गावसकर, पुढे वेंगसरकर. दुसरी शिवाजी पार्क जिमखान्याची : रमाकांत देसाई, अजित वाडेकर, पद्माकर शिवलकर. रणजीत खांद्याला खांदा लावून खेळणारे हे गडी क्लबच्या सामन्यात एकमेकांना तसूभरही सवलत देत नसत.

६/
त्यांची खरी परीक्षा पावसाळ्यात होई. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची कांगा लीग १९४८ मध्ये सुरू झाली आणि ती मुद्दाम पावसाळ्यातच ठेवली गेली. उघडी, ओली खेळपट्टी. भोवती गुडघ्याला लागणारे गवत. जमिनीलगत मारलेला फटका गवतातच अडकणार, आणि चेंडू कधी थांबून येईल, कधी अंगावर उसळेल, याचा नेम नाही. तिथे पन्नास धावा काढणारा फलंदाज कोरड्या मैदानावर सहसा बिचकत नसे.

७/
पोटाची सोय कचेऱ्यांनी केली. तेव्हा रणजी खेळून घर चालत नसे. बँका, गिरण्या आणि कंपन्या टाइम्स शील्डसारख्या आंतरकार्यालयीन स्पर्धांसाठी खेळाडूंना नोकरी देत. वाडेकर स्टेट बँकेत होते. महिन्याचा पगार सुटला नसता, तर मध्यमवर्गीय घरांतली कितीतरी मुले विशीतच मैदान सोडून गेली असती.

८/
स्पर्धेचा नियमही या शिस्तीला धार्जिणा होता. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा विजयी. म्हणून विकेट फेकायची नाही, एकेक धाव वसूल करायची. या वृत्तीला मुंबईने नाव दिले ‘खडूस’. इतरत्र हा शब्द दूषण असेल. मुंबईच्या ड्रेसिंग रूममध्ये ते भूषण होते.

९/
आता पुन्हा चेपॉक. शिवलकरांच्या डावखुऱ्या फिरकीने १६ धावांत ८ बळी घेतले आणि तमिळनाडूचा डाव ८० वर आटोपला. मुंबई दुसऱ्या डावात ११३. तमिळनाडू दुसऱ्यांदा ६१; शिवलकर १८ धावांत ५. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. १२३ धावांनी विजय, आणि करंडक सलग पंधराव्यांदा मुंबईकडे.

१०/
पुढच्याच हंगामात मालिका खंडित झाली. बंगळुरूच्या उपान्त्य सामन्यात वाडेकर पाय घसरून धावबाद झाले. कर्नाटकाने पहिल्या डावाची आघाडी घेतली आणि पुढे करंडकही जिंकला. मुंबईने लगेच सलग तीन वेळा तो परत आणला. २०२४ मध्ये विदर्भाला नमवून तिने ४२ वे अजिंक्यपद मिळवले.

११/
चेपॉकच्या त्या विजयाच्या नायकाचे काय झाले? प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही शिवलकर एकही कसोटी खेळले नाहीत. भारतीय संघात डावखुऱ्या फिरकीची जागा होती एक, आणि तिथे बिशनसिंग बेदी होते. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांच्या वाट्यालाही हेच आले. गावसकरांनी आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात या दोघांना आवर्जून स्थान दिले.

१२/
२०१७ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ३ मार्च २०२५ रोजी शिवलकर गेले. कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव सापडणार नाही. पण मुंबई सलग पंधरा वर्षे कशी जिंकली, याचे उत्तर शोधायचे तर सुरुवात त्या यादीबाहेर राहिलेल्यांपासूनच करावी लागते.

#मुंबई #रणजी_करंडक #दादर #इतिहास