कात्सा सू

दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाच्या नैर्ऋत्येस नारिन्यो प्रांतात व सरहद्दीपलीकडे एक्वादोरमध्ये वसलेल्या आवा या मूलनिवासी समाजाचा परंपरागत मुलूख. आवापित भाषेतील या नावाचा अर्थ ‘मोठे घर’ असा सांगतात. अरण्य, नद्या, पशुपक्षी, माणसे व अदृश्य शक्ती ही सारी त्या घरातीलच मानली जातात.

न्यायिक मान्यता : कोलंबिया सरकार व फार्क ही बंडखोर संघटना यांच्यातील २४ नोव्हेंबर २०१६ च्या तहनाम्यान्वये जे विशेष शांतता न्यायाधिकरण स्थापन झाले, त्याने तुमाको, रिकाउर्ते व बार्बाकोआस या भागांतील अत्याचारांच्या प्रकरणी नोव्हेंबर २०१९ च्या हुकुमाने आवांच्या ग्रामपरिषदांबरोबरच खुद्द कात्सा सूलाही युद्धपीडिताचा दर्जा दिला. याची पूर्वपीठिका २०११ च्या ४६३३ क्रमांकाच्या फर्मानात सापडते : मूलनिवासींची विश्वदृष्टी आणि धरित्रीशी असलेले त्यांचे सामुदायिक नाते ध्यानी घेता, भूप्रदेश हा स्वतःच पीडित होय, असे त्याचे तिसरे कलम म्हणते. कायद्यातील असे शब्द बहुधा दप्तरातच पडून राहतात. न्यायाधीशांनी त्यांना अलंकार न मानता विधान मानले, यातच या हुकुमाची थोरवी आहे. देवतेस विधिमान्य व्यक्ती मानणाऱ्या भारतीय वाचकास ही कल्पना सर्वस्वी परकी वाटू नये.

हानी : भूसुरुंग, कोकाची लागवड, बेकायदा खाणकाम. तुमाकोकडे जाणारी तेलवाहिनी वारंवार फोडली गेली. जून २०१५ च्या स्फोटानंतर सुमारे दहा हजार पिंपे तेल ओढ्यांतून मिरा नदीपर्यंत पोहोचले आणि तुमाकोतील दीड लाखांवर लोकांचे पाणी तुटले. कोकाच्या पिकावर सरकारने विमानांतून फवारलेल्या तणनाशकाचा या हानीत वाटा किती, याविषयी मतभेद आहेत.

परिमार्जन : न्यायाधिकरणापुढे संपूर्ण सत्य वेळीच कबूल करणाऱ्या अपराध्यास तुरुंगाऐवजी पाच ते आठ वर्षे स्वातंत्र्यावर निर्बंध व भरपाईची कामे, अशी तजवीज आहे; सुरुंग काढणे व वृक्षलागवड ही त्यांपैकी होत. तथापि लावलेली झाडे मोजून हे घर पुन्हा नांदते झाले असे ठरविता येणार नाही. तो निर्णय आवांचाच असला पाहिजे.

पीडिताचा दर्जा मिळालेली अन्य उदाहरणे : नासा समाजाचा मुलूख (२०२०), काउका नदी (२०२३).

एक्वादोरमधील भाग : न्यायाधिकरणाच्या अधिकारकक्षेबाहेर.