राक्षसी विषाणू आणि पवईत उलगडलेले एक प्रथिन

“डॉक्टर, नळाच्या पाण्यातही राक्षसी विषाणू असतात म्हणे. मग पाणी प्यायचं की नाही?” मुळा धरणाचे पाणी पिणाऱ्या आपल्या नगरकरांना असा प्रश्न पडणे साहजिक आहे. 2019 मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी मुंबईतील सांडपाणी, तलाव आणि महापालिकेचे पाणी तपासले. त्या सगळ्यांत या विषाणूंच्या जनुकीय खुणा सापडल्या. घाबरण्याआधी या विषाणूचा इतिहास पाहू.

1992 साली इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे न्यूमोनियाची साथ आली. तिचे मूळ शोधताना कूलिंग टॉवरच्या पाण्यातील अमिबामध्ये गोल कण दिसले. ते साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत होते आणि ग्रॅम पद्धतीने रंगतही होते. म्हणून त्यांना जीवाणू समजले गेले. पण जीवाणूंमध्ये हमखास असणारे जनुक त्यांच्यात सापडेना. शेवटी फ्रान्समध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उलगडा केला आणि 2003 मध्ये जाहीर झाले की हा विषाणूच आहे. सूक्ष्मजीवाची नक्कल करतो म्हणून त्याचे नाव ‘मिमिव्हायरस’. त्याच्या डीएनएमध्ये सुमारे 12 लाख अक्षरजोड्या आहेत. फ्लूच्या विषाणूचा सगळा मजकूर मात्र जेमतेम साडेतेरा हजार अक्षरांचा असतो.

एवढ्या मजकुरात असते तरी काय? विषाणूकडे स्वतःची अवजारे फारशी नसतात, तो पेशीच्या यंत्रणेवर जगतो, असे आम्ही कॉलेजात शिकलो. मिमिव्हायरसकडे मात्र डीएनएची नक्कल आणि दुरुस्ती करणारी स्वतःची प्रथिने आहेत. त्यांपैकी ‘जीपी 577’ हे प्रथिन पवईला, आयआयटी मुंबईत किरण कोंडाबागिल यांच्या गटाने तपासले. 2019 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले.

दोन सारखे रेणू जोडीने राहून हे प्रथिन बनते. डीएनएची नक्कल कोऱ्या धाग्यावर आपोआप सुरू होत नाही. स्वेटर विणताना आधी टाके घालावे लागतात, तसा सुरुवातीचा छोटा तुकडा लागतो. जीपी 577 तो तुकडा तयार करते आणि पुढे वाढवतेही. धाग्यात बिघडलेली जागा आली तर ती ओलांडून पुढे जाते. प्रथिनाच्या ठरावीक जागेतील घटक बदलले तेव्हा तुकडा तयार करणे आणि वाढवणे ही दोन्ही कामे बंद पडली. म्हणजे या कामांची किल्ली त्याच जागेत आहे. असेच काम करणारे एक प्रथिन आपल्या पेशींतही असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मिमिव्हायरसचे नेहमीचे यजमान अमिबा आहेत. माणसातील न्यूमोनियाशी त्याचा संबंध असल्याचा संशय घेतला गेला, पण तो आजाराचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. पाण्यात एखादी गोष्ट सापडणे वेगळे आणि तिच्यामुळे आजार होणे वेगळे.

पाणी उकळून प्याच, पण ते कावीळ, टायफॉइड आणि कॉलरा टाळण्यासाठी.