रेझिस्टोसोम
रोगजंतूची चाहूल लागताच वनस्पतिपेशीतील प्रतिकारक प्रथिनांची बनणारी चक्राकार रचना. कोबीवर्गीय पिकांवर घाण्या रोग आणणारा झँथोमोनस जिवाणू पेशीतील पीबीएल२ या प्रथिनावर युरिडिल गट चिकटवतो. पीबीएल२ हे खरे तर पेशीने लावलेले आमिषच. मोहरीच्या कुळातील ॲरॅबिडॉप्सिसमध्ये झार१ हे प्रथिन आरकेएस१ या जोडीदाराच्या साहाय्याने तो बदल टिपते. मग झार१चे पाच रेणू जुळून चक्र बनते आणि मधून नरसाळ्यासारखे टोक बाहेर पडते. ही रचना चिनी संशोधकांनी 2019 मध्ये उलगडली. हे टोक पेशीपटलात शिरून कॅल्शियमला वाट करून देते, हे 2021 मध्ये दिसले. त्यानंतर बाधित पेशी मरते आणि संसर्ग तिथेच थोपतो. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला रोखणाऱ्या एसआर३५ प्रथिनाचेही असेच पंचदली चक्र 2022 मध्ये आढळले. रोगप्रतिकारक वाण घडवण्याच्या दृष्टीने हा शोध विशेष मोलाचा आहे.