यंत्राची खोड

यंत्राला खोड असली तर ती सोसावी कोणीं? संगणकाच्या गाभ्यांतील आज्ञावली अडेल उपकरण ओळखून त्याची खोड आपल्याच पोटांत घालते. वापरणाराला तिचा पत्ताहि लागूं देत नाहीं. मुंबईच्या मुद्रकांपुढें हाच प्रश्न शिशाच्या रूपानें उभा होता.

रोमन अक्षरें एकापुढें एक बसतात. आमच्या अक्षराला डोक्यावर मात्रा आणि पायाशीं उकार लागतो. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें. दगडावर हातचें अक्षरच उमटे, म्हणून ही अडचण टळली. पुढें जावजी दादाजींनीं १८६४ सालीं खिळे ओतण्याचा कारखाना व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. डिग्री पद्धतींत अक्षर व त्याचीं चिन्हें निरनिराळ्या खिळ्यांनीं थराथरानें जुळवावीं लागत. अखंड पद्धतींत तीं एकाच खिळ्यावर येत, पण खिळ्यांची संख्या फार वाढे. दोहोंतहि भार जुळाऱ्याच्या डोळ्यांवर.

तेव्हां लिपीच बदला, असा पक्ष निघाला. सावरकरांनीं ‘इ’च्या जागीं ‘अि’ सुचविला. १९५३च्या लखनौ परिषदेनें ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेली. मराठीच्या रूढ लेखनांत दोन्ही टिकलीं नाहींत.

आज संगणक ‘कि’ साठवितांना आधीं ‘क’ व मागाहून वेलांटी ठेवतो, आणि दाखवितांना ती मुकाट्यानें डावीकडे आणतो. सुधारकांची तळमळ खरी होती; परंतु आम्हांस वाटतें, यंत्रें पिढीगणिक बदलतात, अक्षर मात्र पणजोबांच्या पंचांगांतलें पणतवालाहि वाचतां आलें पाहिजे.