बंदूक काही वर्षं, मका पुढं जन्मभर

आमच्या दर्यापूरकडे फौजेतून पेन्शन घेऊन आलेल्या माणसाला गाव मरेपर्यंत ‘मिल्ट्रीवाले’च म्हणतं. पुढं त्यानं कपाशी पिकवली, पोरींची लग्नं लावली, तरी पारावर त्याला विचारतात ते लढाईचंच. पांडुरंग सदाशिव खानखोज्यांचं आपण तेच केलं. कुठं नाव निघालंच तर ‘गदरवाले क्रांतिकारक’ एवढंच निघतं. मी अकोल्यात कृषी खात्यात होतो, बियाण्याच्या पिशव्या घेऊन खेडोपाडी हिंडलो. मला त्यांची लढाईनंतरची वर्षं मोठी वाटतात.

खानखोजे शेजारच्या वर्ध्याचे, जन्म १८८४चा. टिळकांच्या राजकारणानं भारलेलं हे पोरगं विशीत घराबाहेर पडलं, आधी जपानला आणि तिथून अमेरिकेला. युद्धविद्या शिकायची, एवढंच डोक्यात होतं. कॅलिफोर्नियात टमालपाइसच्या लष्करी शाळेत ते शिकले, आणि पुढं ओरेगन व वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र. १९१३ साली इंग्रजांना हटवायला तिथल्या भारतीयांचा गदर पक्ष उभा राहिला तेव्हा शस्त्रांची बाजू त्यांच्याकडे होती. पहिलं महायुद्ध पेटल्यावर तुर्कस्तानातून इराणात शिरले, बलुचिस्तानच्या बाजूला टोळीवाल्यांच्या साथीनं इंग्रजांशी लढले. जखमी झाले, पकडले गेले, निसटले. नंतर बर्लिन, आणि १९२१ साली मॉस्को. सिनेमाला पुरेल एवढा मसाला इथंच मिळतो, म्हणून सांगणारेही इथंच थांबतात.

१९२४ साली ते मेक्सिकोला पोचले तेव्हा चाळिशीला आले होते. देशी परतावं तर इंग्रज टपलेले. मग अमेरिकेत शिकलेली शेतीच कामी आली. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मेक्सिकोत क्रांती नुकतीच होऊन गेली होती, जमीनदारांच्या जमिनी गावांकडे येऊ लागल्या होत्या. पण सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून कणगी भरत नाही, हे आमच्या खारपाणपट्ट्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. खानखोज्यांनी साथीदारांबरोबर शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. पावसानं दडी मारली किंवा थंडी पडली तरी तगतील असे वाण काढायच्या मागे लागले, त्यात मुख्य मका. मका मूळ त्याच मुलखातला. तिथून समुद्र ओलांडून तो आमच्या मेळघाटात कोरकूंच्या ताटापर्यंत आला. त्याच्या माहेरी जाऊन तिथल्यांना मक्याचं बियाणं शिकवायला ज्वारीच्या देशातला माणूस उभा राहिला, आणि त्यांनी त्याचं ऐकलं! छायाचित्रकार तिना मोदोत्तीनं त्यांच्या कामाचे फोटो काढले. चित्रकार दिएगो रिव्हेरानं मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जेवायला बसलेली माणसं रंगवली, त्यांत भाकर मोडणारे खानखोजे आहेत. बंदूक शिकायला निघालेल्या माणसाची परक्या देशानं काढलेली ही ओळख मला नेमकी वाटते.

संसारही उशिरानं. १९३६ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी जान सिंडिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. मुली मेक्सिकोत जन्मल्या, पण नावं इकडचीच. १९४९ साली मध्य प्रदेश सरकारनं त्यांना शेतीच्या सल्ल्यासाठी बोलावलं. आपला वऱ्हाड तेव्हा त्याच राज्यात होता. १९५५ साली ते नागपुरात येऊन राहिले. बापाला ते घरी परतणं होतं. जानबाईंना आणि पोरींना मात्र नवाच मुलूख, नवी भाषा आणि नागपूरचा उन्हाळा. देशासाठी बापानं काय सोडलं हे आपण मोजतो, बापापायी घरानं काय सोडलं याची नोंद कोणी ठेवत नाही. इथं सावित्रीबाईंनीच वडिलांचं चरित्र लिहिलं, म्हणून ही बाजू बुडाली नाही.

१९६७ साली नागपुरात खानखोजे गेले. दोनच वर्षांनी अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं. चापिंगोत त्यांचा पुतळा २०२२ साली बसला. पुतळ्यांची आपल्याकडे तशीही कमी नाही. पण अकोल्याच्या विद्यापीठात शिवारफेरीला गावोगावचे शेतकरी येतात, वाण पाहतात, दाणा दाताखाली धरून बघतात. तिथं मक्याच्या प्लॉटशेजारी खानखोज्यांच्या नावाची पाटी लावावी, आणि तीवर गदरच्या आधी चापिंगो लिहावं.