आखाड्याची किल्ली

मागच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, आणि मग एका आजीने विचारले, "रोवण्यात कंबर वाकते तेवढी पुरत नाही का गं, की तुम्ही बायांचा आखाडा काढला?" सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण प्रश्न सोबत घरी आला, कारण हाच प्रश्न आमच्या घरातही विचारला जातो, फक्त तिथे कोणी हसत नाही.

लाखनीत आमच्या गटाने व्यायामासाठी एक खोली भाड्याने घेतली आहे. तिच्याबद्दल शेवटी बोलू. आधी जुन्या आखाड्यांकडे वळू, कारण आजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे.

आखाडा म्हटले की लाल माती डोळ्यांसमोर येते. ताक, तेल, हळद घालून, खणून खणून मऊ केलेली. एका बाजूला मारुती, भिंतीला टेकवलेले मुद्गल. आपल्यापैकी कित्येकींनी हे दारातूनच पाहिले. भावाला बोलवायला गेलो, उंबऱ्याबाहेरून हाक मारली आणि परत फिरलो.

असा आखाडा चालायचा कोणाच्या पैशावर? जुन्या काळी बहुधा राजाच्या. मल्लखांबाची विद्या नव्याने उभी करणारे बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला गेला आणि त्याच्या आश्रयाची माणसेही विखुरली. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले. महाराजांचे उपकार कोल्हापूर आजही विसरलेले नाही. पण दरबाराच्या खुराकाचे एक दुखणे असते. दरबार गेला की ताटातले दूधही जाते.

आपल्या विदर्भात गोष्ट वेगळी घडली. १९१४ मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. वऱ्हाडावर तेव्हा इंग्रजांचा अंमल, म्हणजे पाठीशी उभा राहील असा राजा जवळपास कोणीच नव्हता. त्याच आखाड्याचे पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या मुलांनी जर्मनीत जाऊन कबड्डी आणि आपले देशी खेळ करून दाखवले. आज तिथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे आणि मुलीही शिकतात. लाखनीहून अमरावती काही परदेश नाही. नागपूर ओलांडले की पुढचाच मोठा गाव. आपल्या लेकींना एकदा दाखवून आणावे, असे आमच्या मनात फार दिवसांपासून आहे.

मग बाया कुठे होत्या? होत्या, पण कुठल्या बाया ते बघा. १८५७ च्या धामधुमीत वरसईचे गोडसे भटजी झाशीत राहिले होते. त्यांनी आपल्या प्रवासाच्या हकिकतीत लिहून ठेवले आहे की राणी लक्ष्मीबाईंना व्यायामाचा शौक होता. पहाटे व्यायाम, मग घोड्यावरची रपेट. १८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली, तेव्हा त्यांच्या पत्नी उंच झुल्यावरची कामे करायच्या. लोकांनी तोंडात बोट घातले असेल! पण राणीकडे स्वतःचा वाडा होता आणि छत्रेबाईंच्या घरचाच तंबू होता. दाराची किल्ली घरात होती म्हणून दोघींना आत जाता आले. धान कांडणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या बाईला कोणते दार उघडे होते? पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून होते. महिलांची पहिली २०२३ मध्ये सांगलीला झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मधली बासष्ट वर्षे मोजून पाहा.

लेझीम तर आपण सगळ्यांनी शाळेत खेळलो. ती मूळची धनुर्धाऱ्यांची, दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले जड धनुष्य, हात घट्ट व्हावेत म्हणून ओढायचे. ती हलकी होऊन मिरवणुकीत आली तेव्हा मुलींच्या हाती पडली. आमच्या खोलीत लेझमीच्या चार जोड्या आहेत, जड मात्र नाहीत.

आता आजींचे उत्तर. आजी, रोवण्यात कंबर वाकते हे खरे, पण दिवसभर एकाच बाजूला वाकते. पऱ्हे हातात, पाय चिखलात, आणि बांधी संपेपर्यंत मान वर नाही. तिला उलट्या बाजूने ताणायला कोणी सांगत नाही. काम आणि व्यायाम यांत हाच फरक आहे. कामात अंग दुसऱ्यासाठी झिजते. जाते-मुसळ गेले त्याचे आम्हाला जराही दुःख नाही, गिरणीला शंभर वर्षे आयुष्य लाभो.

गावात मोकळ्या जागेवर बसवलेली व्यायामाची यंत्रे तुम्हीही पाहिली असतील. आमच्या ओळखीच्या एका जागी दुपारी लोखंड तापते आणि संध्याकाळी त्यांवर गप्पांचा अड्डा बसतो. बाई फिरकत नाही. यंत्रे फुकट मिळाली, पण वेळ आपली नव्हती.

म्हणून आम्ही खोली घेतली. सुतारांकडून बाभळीचे दोन मुद्गल करून घेतले, दोन सतरंज्या घातल्या. सहा महिन्यांनी एक गृहस्थ आले. म्हणाले, मशिनी देतो, दारावर माझ्या नावाची पाटी लावा आणि उद्घाटनाला बाया जमवा. त्या रात्री गटात मोठे भांडण झाले. भाडे दोन महिने थकले होते, आणि घ्या म्हणणाऱ्या बाया काही चुकीच्या नव्हत्या. शेवटी हात वर करून ठरले, नको. दोघी रागावून गेल्या. एक परत आली, दुसरीच्या घरी आम्ही अजून जाऊन बसतो. भाड्यासाठी वर्गणी वाढवली आणि एका बाईने आपल्या हिस्श्याऐवजी झाडलोट पत्करली. ते आम्हाला पटले, कारण आखाड्यात माती खणणे हीसुद्धा सेवाच मानतात.

नियम फार नाहीत. साडी चालते, सलवार चालते. फोटो काढायचा नाही. कोणाच्या वजनाबद्दल बोलायचे नाही. रोवणा सुरू झाला की खोली बंद, कारण तेव्हा येणार कोण? पोळा झाला की पुन्हा उघडते. किल्ली दर महिन्याला दुसऱ्या घरी जाते, या महिन्यात ती आजींच्या सुनेकडे आहे. वेळ दुपारी अडीच ते चार. येताना टॉवेल आणि पाण्याची बाटली आणा.